गाठीतली आम्लता ओळखणारी नॅनो-औषधं : नेमकं कुठवर आलंय?

निवळी (धागाकर्ती) | रविवार, रात्री १०.१४

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच बातमी तीनदा फिरली. कर्करोगाच्या गाठीतल्या आम्लतेमुळे उघडणारे, औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म नॅनोकण सापडले, आता केमोचे दुष्परिणाम संपणार, अशा अर्थाची. माझ्या मावसबहिणीची केमो चालू आहे. तिने मला फोन करून एवढंच विचारलं, "मग मी केमोची पुढची सायकल घ्यायची थांबू का?"

त्या प्रश्नाने मी हादरले. याच विषयावर मी पाच वर्षं प्रयोगशाळेत घालवली आहेत. (आता संशोधनात नाही, औषधांच्या गुणवत्ता तपासणीत नोकरी करते.) तिला जे फोनवर सांगितलं ते जरा सविस्तर इथे लिहिते.

आधी आम्लता. शाळेत आपण 'सामू' शिकलो, तोच पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. गाठीच्या आत, पेशींच्या मधल्या जागेत, तो साधारण ६.५ ते ६.९ पर्यंत उतरलेला असतो. फरक किरकोळ वाटतो, पण सामूचं माप दसपटीचं आहे. ७.४ वरून ६.५ वर आलं की हायड्रोजन आयन जवळजवळ आठपट होतात.

आता दुसरी जागा. नॅनोकण पेशीला चिकटला की पेशी त्याला एका पिशवीत गुंडाळून आत ओढते. ती पिशवी आत जाता जाता आंबट होत जाते, आधी ६ च्या आसपास, आणि शेवटी लयकारिकेत (लायसोसोम, पेशीतली पचनाची पिशवी) पोचली की ५ किंवा त्याहूनही खाली. रक्ताच्या तुलनेत तिथे हायड्रोजन आयन अडीचशेपट.

म्हणजे आम्लता दोन ठिकाणी आहे. पेशीच्या बाहेर सौम्य, पेशीच्या आत कडक. बातम्यांमध्ये या दोन्हींची सरमिसळ होते, आणि माझ्या मते सगळा गोंधळ तिथेच सुरू होतो.

कण उघडतो कसा, याच्या तऱ्हा अनेक आहेत. औषध आणि वाहक यांना जोडणारा बंधच असा निवडायचा की तो रक्तात टिकेल आणि आम्लात तुटेल. हायड्राझोन बंध हे त्याचं एक जुनं उदाहरण. किंवा असा पॉलिमर (लांब साखळीचा रेणू) घ्यायचा, जो रक्तात गोळा होऊन बसतो आणि आम्लात प्रोटॉन, म्हणजे तोच हायड्रोजन आयन, घेऊन प्रभारित होतो. मग त्याचे धागे एकमेकांना ढकलतात आणि गोळा सुटतो. हिस्टिडीन या अमिनो आम्लाची साखळी हे काम नेमकं ६ ते ६.५ च्या आसपास करते. काहीजण कॅल्शियम फॉस्फेटसारखे कणच वापरतात, जे आम्लात सरळ विरघळतात. आणि एक मला फार आवडणारी कल्पना: रक्तात कणावर ऋण प्रभार ठेवायचा, म्हणजे पेशी त्याला जवळ करत नाहीत; गाठीत आल्यावर वरचं आवरण गळतं, प्रभार धन होतो आणि पेशी त्याला ओढून घेतात.

कागदावर हे सगळं सुंदर दिसतं. माणसात काय झालं, ते पुढच्या प्रतिसादांत लिहिते. आधी कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

---

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ११.०२

ताई, वेळेवर धागा काढलात. आईला स्तनाचा कर्करोग आहे, 'लाल औषध' चालू आहे. तीन सायकली झाल्या. डॉक्टरांनी सुरुवातीलाच टू-डी इको करायला लावली होती, हृदयासाठी म्हणाले. हेच औषध नॅनोमध्ये मिळतं असं मेडिकलवाला म्हणाला. ते खरं का? आणि ते हेच आम्लावर उघडणारं का? आम्ही जमीन विकूनही करू, फक्त खरं काय ते कळू दे.

---

निवळी | रविवार, रात्री ११.४०

कृष्णाकाठ, कृपा करून जमिनीचा विचार आत्ता अजिबात करू नका. आधी हे वाचा.

लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. इटलीत कास्तेल देल मोन्ते या किल्ल्याच्या परिसरातल्या मातीतल्या जिवाणूपासून या औषधांच्या घराण्याची सुरुवात झाली. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याचं 'एड्रियामायसिन' हे नाव पडलं. औषध जबरदस्त आहे, पण आयुष्यभरात एकूण किती द्यायचं याला मर्यादा आहे, कारण जसजसा साठा वाढतो तसतशी हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते. म्हणून इको.

त्याचं नॅनो रूप १९९५ पासून आहे. जेरुसलेमच्या बारेनहोल्झ आणि गाबिझोन यांच्या कामातून आलेलं 'डॉक्सिल', अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं नॅनो-औषध. मेदाची अतिसूक्ष्म पिशवी, म्हणजे लायपोसोम, साधारण ८० ते १०० नॅनोमीटरची, आणि तिच्यात डॉक्सोरुबिसिन. आपल्याकडेही ते बनतं. २०११-१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माच्या 'लिपोडॉक्स'ला तिथल्या सरकारने तात्पुरती आयात मंजूर केली, आणि २०१३ मध्ये सनच्या जेनेरिकला रीतसर मान्यताही दिली.

पण हे आम्लता पाहून उघडणारं औषध नाही. इथे आम्लता वापरली आहे ती औषध पिशवीत *भरायला*. पिशवीत अमोनियम सल्फेट असतं, त्यातला अमोनिया बाहेर निसटतो आणि आत आम्लता उरते. डॉक्सोरुबिसिन आत शिरतं, प्रोटॉन पकडतं, प्रभारित होतं आणि मग त्याला परत बाहेर येता येत नाही; सल्फेटबरोबर त्याचे स्फटिक बनतात.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आता. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात साधं औषध आणि हे नॅनो रूप समोरासमोर तपासलं गेलं, २००४ मध्ये निकाल आला. रोग आवरण्यात दोन्ही सारखीच ठरली. हृदयाला त्रास नॅनो रूपात बराच कमी. म्हणजे फायदा हृदयाचा आहे, गाठ जास्त मरते असं नाही. आईंची इको चांगली असेल आणि ठरलेल्या सायकली मोजक्या असतील, तर डॉक्टर साधं औषध देतात त्याला कारण आहे. थांबू नका. पुढच्या भेटीत इको दाखवून एवढंच विचारा, "हृदयाच्या दृष्टीने आईला लायपोसोमलची गरज आहे का?"

---

खडूफळा | सोमवार, सकाळी ६.५०

नमस्कार. निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक आहे. सामूचं माप दसपटीचं असतं हे मुलांच्या डोक्यात बसवायला मला तीस वर्षं लागली, निवळीताईंनी एका ओळीत बसवलं.

ज्यांना 'आम्लावर उघडणं' डोळ्यासमोर आणायचं आहे त्यांच्यासाठी: कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो आणि लिंबू पिळलं की परत पिवळा. हळदीत चुना घालून आपल्या बायका कुंकू करत आल्या, तेही हेच. रेणूवर एक प्रोटॉन चढला किंवा उतरला की सगळं रूप बदलतं. पॉलिमरचा गोळा सुटतो तो याच न्यायाने.

आणि सामू ओळखणारी औषधं आपल्या घरात आधीपासून आहेत. पित्तावरची पॅन्टोप्रॅझोलची गोळी चावू नका, फोडू नका असं सांगतात ना? तिचं वेष्टन जठराच्या आम्लात टिकतं आणि पुढे आतड्यात, जिथे आम्लता कमी, तिथे विरघळतं. इथे उलट दिशा आहे, इतकंच.

माझा एक प्रश्न. गाठीला आंबटपणा येतो कुठून?

---

निवळी | सोमवार, सकाळी ८.१५

सर, पॅन्टोप्रॅझोलचं उदाहरण मला सुचलंच नव्हतं, आभार.

१९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ऑटो वारबुर्गना दिसलं की गाठीतल्या पेशी भरपूर ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज अर्धवट वापरतात आणि लॅक्टिक आम्ल करतात. धावताना आपल्या पोटऱ्यांत होतं तेच, पण इथे चोवीस तास. हे आम्ल आत साठलं तर पेशी स्वतःच मरेल, म्हणून तिच्या पडद्यावरचे पंप प्रोटॉन बाहेर फेकतात. बाहेर ते वाहून न्यायला नीट रक्तवाहिन्या नसतात. ज्या असतात त्या घाईने वाढलेल्या, वाकड्यातिकड्या, गळक्या. म्हणून बाहेर आंबट आणि आत सामू जवळजवळ निरोगी पेशीसारखाच.

याचा एक वाईट परिणाम थेट केमोवर होतो. डॉक्सोरुबिसिन सौम्य अल्क आहे. गाठीतल्या आंबट जागेत ते पेशीत शिरण्याआधीच प्रोटॉन पकडतं, आणि प्रभारित रेणूला पेशीचा मेदाचा पडदा ओलांडणं अवघड जातं. गाठीची आम्लता म्हणजे तिची एक प्रकारची तटबंदीच आहे. शत्रूच्याच तटबंदीला आपला दरवाजा करायचा, हा विचार मला विद्यार्थिदशेत वेड लावून गेला होता आणि आजही तो मला मोठा वाटतो.

---

केळफूल | सोमवार, दुपारी १.२०

मग गाठ आंबट असते तर अल्कली पाणी पिऊन ती कमी होत नाही का? माझ्या काकांना कुणीतरी सांगितलंय. त्यांनी लिंबू, ताक, टोमॅटो, आमसूल सगळं सोडलंय आणि रोज सकाळी खाण्याचा सोडा पितात. त्यांचं वजन आणखी उतरलंय. मला भीती वाटते.

---

निवळी | सोमवार, दुपारी १.३८

केळफूल, आजच काकांच्या डॉक्टरांना सोड्याबद्दल सांगा. थांबू नका.

खाण्यापिण्याने रक्ताचा सामू हलत नाही, कारण फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो क्षणाक्षणाला जागेवर आणत असतात. लिंबू-ताकाने गाठ आंबट होत नाही. ती तिच्या स्वतःच्या चयापचयाने आंबट आहे. उंदरांवर सोड्याचा प्रयोग झाला होता हे खरं आहे, २००९ चा. त्यात गाठीचा सामू थोडा वाढला आणि रोगाचा प्रसार कमी दिसला. पण त्यावरून माणसाचा उपचार ठरत नाही. रोज सोडा पिण्याने शरीरात सोडियम वाढतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब आणि हृदयाची लय बिघडू शकते. केमोवर असलेल्या माणसासाठी हे फार धोक्याचं आहे.

काकांना ताक-भात आवडत असेल आणि डॉक्टरांनी वेगळं काही पथ्य सांगितलं नसेल, तर तो खाऊ द्या. वजन टिकणं ही त्यांची आत्ताची सगळ्यात मोठी गरज आहे.

---

चाफेकळी_सिस्टर | सोमवार, रात्री ९.०५

मी केमो डे-केअरमध्ये नर्स आहे, बारा वर्षं झाली. शास्त्र ताईंनी सांगितलंच, मी खाटेजवळचं सांगते.

साधं लाल औषध आणि लायपोसोमल एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नाव सारखं, रंगही लालसर, पण डोस वेगळा आणि देण्याची पद्धत वेगळी. बाहेरून औषध आणून देणाऱ्या नातेवाइकांनी चिठ्ठीवर 'लायपोसोमल' हा शब्द आहे की नाही, ते मेडिकलमध्ये मोठ्याने वाचून दाखवावं. आमच्याकडे एकदा चुकीची बाटली आली होती. दोघींनी तपासायची आमची पद्धत आहे म्हणून ती वेळेत लक्षात आली. त्या पेशंटचा मुलगा दोन तास प्रवास करून परत बदलून घेऊन आला.

साध्या औषधानंतर लघवी एक-दोन दिवस लालसर होते, ते रक्त नाही, घाबरू नका. लायपोसोमलमध्ये केस तुलनेने कमी जातात, पण तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, जळजळतात. औषध रक्तात कित्येक दिवस फिरत राहतं आणि त्वचेतही जाऊन बसतं म्हणून. त्या दिवसांत गरम पाणी नको, घट्ट चपला नकोत, घासून भांडी नकोत. बायका हे सांगतच नाहीत, भांडी घासत राहतात आणि मग पाऊल टाकता येत नाही अशा अवस्थेत येतात. पहिल्या दिवशी लाली दिसली की फोन करा.

नॅनो म्हणजे त्रास नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्रासाची जागा बदलते.

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९.३१

सिस्टर, 'लायपोसोमल' शब्द मी कुठे ऐकलाय ते आत्ता आठवलं. मे २०२१, काळी बुरशी. मामासाठी लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन शोधत आम्ही तीन जिल्हे फिरलो होतो. तेही नॅनोच होतं म्हणजे?

---

निवळी | सोमवार, रात्री १०.००

हो, तेही नॅनो. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडांना फार जाच करतं, मेदाच्या पिशवीत घातल्यावर तो जाच कमी होतो. पुन्हा तीच गोष्ट पाहा: नॅनोचा पहिला फायदा निरोगी अवयव वाचवण्याचा. मामा बरे असतील अशी आशा.

---

उत्तरवारा | मंगळवार, पहाटे २.४७

नेदरलँड्समध्ये याच क्षेत्रात काम करतो. निवळी यांनी मांडणी चांगली केली आहे, पण दोन कडू गोष्टी यायलाच हव्यात.

पहिली. टोरोंटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांतले प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचतात किती, याचा मध्यक निघाला ०.७ टक्के. बाकीचे मुख्यतः यकृत-प्लीहेत अडकतात. १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं होतं की गळक्या वाहिन्यांतून मोठे रेणू गाठीत झिरपून साठतात. त्यावर हे सगळं क्षेत्र उभं राहिलं. उंदराची गाठ दोन-तीन आठवड्यांत वाढलेली असते, माणसाची वर्षानुवर्षं. गळती सारखी नसते. एकाच माणसाच्या दोन गाठींतही सारखी नसते.

दुसरी गोष्ट मला जास्त सतावते. गाठीत सगळ्यात आंबट जागा कुठली? जी रक्तवाहिनीपासून सगळ्यात दूर आहे ती. आणि औषध तर रक्तानेच येतं. म्हणजे जिथे कुलूप उघडणार तिथे किल्ली पोचत नाही, आणि जिथे पोचते तिथे सामू ७ च्या आसपास, कुलूप बंदच.

आल्डॉक्सोरुबिसिनचं उदाहरण द्यायला हवं. डॉक्सोरुबिसिनला हायड्राझोन बंधाने अशी शेपटी जोडली की ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटावं आणि आम्लात सुटावं. मऊ ऊतींच्या सार्कोमावर (स्नायू, चरबी अशा ऊतींचा कर्करोग) मोठी तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल आले. सर्व रुग्ण मिळून पाहिलं तर प्रचलित औषधांपेक्षा ठोस सरशी दिसली नाही. हृदयाचा त्रास मात्र कमी दिसला.

---

निवळी | मंगळवार, सकाळी ७.३०

उत्तरवारा, तुमची दुसरी गोष्ट मी माझ्या हातांनी अनुभवली आहे.

आमचा कण पॉलिमरचा होता, हायड्राझोनचाच. डायलिसिसच्या पिशवीत (प्रयोगशाळेतली, बारीक छिद्रांच्या पडद्याची) भरून ५ सामूच्या द्रावणात टाकला की चोवीस तासांत बहुतेक औषध बाहेर. ७.४ ला जवळजवळ काहीच नाही. आलेख इतका देखणा की मी तो टेबलासमोर चिकटवला होता. मग एक दिवस मार्गदर्शकांनी विचारलं, "६.८ ला करून बघितलंस का?" केलं. ७.४ च्या रेषेवरच जवळजवळ दुसरी रेषा पडली. मग साध्या द्रावणाऐवजी रक्तद्रव घातला, तर प्रथिनांनी कणाला असं लपेटलं की त्याचा आकारच बदलला. पाच वर्षांतलं पहिलं दीड वर्ष मी पेशीच्या आतल्या आम्लतेवर चालणारा कण बनवत होते आणि प्रबंधाच्या पहिल्या पानावर गाठीच्या बाहेरच्या आम्लतेबद्दल लिहीत होते. हे माझं मलाच फार उशिरा कळलं.

म्हणून आता कुठलीही बातमी वाचली की मी पहिला प्रश्न हाच विचारते: कुठल्या सामूला उघडतं? ५ असेल तर गाठ ओळखण्याचं काम आम्लता करत नाहीये. ते काम दुसऱ्या कशाने तरी व्हायला हवं.

आणि तसं केलं तेव्हा यश आलंय. प्रतिपिंड (अँटीबॉडी) गाठीची पेशी ओळखतो, पेशी त्याला आत ओढते, आणि आतल्या आम्लात बंध तुटतो. या वाटेवरचं पहिलं औषध मायलोटार्ग, रक्ताच्या कर्करोगावर, हायड्राझोन बंधाचं. २००० मध्ये मान्यता, २०१० मध्ये बाजारातून मागे, २०१७ मध्ये कमी डोसने परत. २०२० मध्ये आलेल्या सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकानमध्येही आम्लात तुटणारा बंध आहे, आणि तिहेरी-निगेटिव्ह नावाच्या प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगात त्याने रुग्णांचं आयुष्य वाढवलं. काटेकोरपणे हे नॅनोकण म्हणवत नाहीत, पण रसायन तेच.

---

सागरगोटे | मंगळवार, सकाळी १०.१२

मी न्यू जर्सीत. कोविडच्या वेळी मॉडर्ना घेतली होती. त्या लशीतले मेदाचे नॅनोकण सामूवरच चालतात असं कुठेतरी वाचलं होतं. बरोबर का?

---

उत्तरवारा | मंगळवार, दुपारी ४.२०

अगदी बरोबर, आणि हे उदाहरण मीच द्यायला हवं होतं. त्यातला मुख्य मेद रक्ताच्या सामूला प्रभारहीन असतो. पेशीच्या आतली पिशवी आंबट झाली की त्याच्यावर धन प्रभार येतो, पिशवीच्या पडद्याशी तो भिडतो आणि एमआरएनए, म्हणजे लशीतला संदेशरेणू, बाहेर पडतो. हेच तंत्र आधी २०१८ मध्ये आनुवंशिक आजारावरच्या ऑनपॅट्रो या औषधात मान्य झालं होतं. तुमच्या दंडात सामू ओळखणारा नॅनोकण जाऊन आलाय.

बाहेरच्या सौम्य आम्लतेबद्दलही अगदीच निराशा नको. डॅलसच्या जिनमिंग गाओ यांच्या गटाने असे पॉलिमर बनवले जे सामूच्या ०.२-०.३ इतक्या फरकात बंदचे उघडे होतात. त्यात औषधाऐवजी चमकणारं रंगद्रव्य भरलं. इथे ग्रोनिंगनला ३० रुग्णांवर शस्त्रक्रियेआधी ते दिलं गेलं. २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. स्तन, अन्ननलिका, मोठं आतडं आणि डोकं-मान. कापलेल्या भागाच्या कडेला जिथे गाठ उरली होती त्या नऊच्या नऊ जागा चमकल्या, शिवाय नजरेतून सुटलेल्या आणखी चार.

---

चाफेकळी_सिस्टर | मंगळवार, रात्री ८.४४

हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे किती पेशंट येतात ते मी रोज पाहते, तंबाखू, गुटखा, पस्तिशीतली पोरं. कडेला गाठ उरली म्हणून परत जबडा उघडावा लागतो तेव्हा त्यांच्या आयांकडे बघवत नाही. औषध पोचवणं राहू दे बाजूला, कड दिसली तरी पुष्कळ आहे.

---

केळफूल | मंगळवार, रात्री ९.१५

काकांनी सोडा बंद केला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटॅशियम कमी निघालं. औषध दिलंय. आज त्यांनी ताक मागून घेतलं.

---

खडूफळा | बुधवार, सकाळी ६.३५

केळफूल, फार बरं वाटलं वाचून.

निवळीताई, भारतात अशा चाचण्या चालू असतील तर सामान्य माणसाने शोधायच्या कुठे? गावातले लोक मला विचारतात.

---

निवळी | बुधवार, सकाळी ८.०२

सर, भारतातल्या सगळ्या चाचण्यांची सरकारी नोंद सीटीआरआयच्या (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) संकेतस्थळावर खुली आहे. २००७ पासून आहे, २००९ पासून नोंद सक्तीची. रोगाचं नाव घालून शोधता येतं. चाचणी कुठल्या टप्प्याची, कुठल्या रुग्णालयात, कोणाला घेतात, हे सगळं दिसतं. एक खूण मात्र गावात जरूर सांगा: चाचणीतल्या औषधाचे कुणी पैसे मागत असेल, तर तिथून उठून यायचं आणि आपल्या डॉक्टरांना सांगायचं.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, संध्याकाळी ६.५५

आज डॉक्टरांना इको दाखवली आणि तुम्ही लिहून दिलेला प्रश्न तसाच विचारला. म्हणाले, हृदय उत्तम आहे, एकच सायकल राहिली, साधंच औषध देऊ. चौथी सायकल आजच झाली. आई झोपली आहे. मेडिकलमध्ये मी नाव मोठ्याने वाचून दाखवलं, सिस्टर.